महिन्याच्या हिशेबात देवाचा वाटा कसा ठरवावा?

प्रश्न मरोळच्या एका भगिनीचा आहे. त्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात, पती विजेच्या कामांचे सुपरवायझर आहेत, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, दोन मुले शाळेत आहेत आणि सासू-सासरे सोबत राहतात. त्यांच्या धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये, एका चर्चशी जोडलेल्या कुटुंबांच्या समूहात) ‘स्टुअर्डशिप’, म्हणजे देवाने सोपवलेल्या गोष्टींचे कारभारीपण, या विषयावर प्रवचन झाले आणि मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील उपासनेनंतर, प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड देण्यात आले. वेळ, गुण आणि पैसा अशा तीन रकान्यांत आपण काय देणार ते त्यावर लिहायचे आहे. त्या विचारतात : उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणे कॅथलिकांवर बंधनकारक आहे का? सकाळी सातला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाने वेळ कोठून आणावा? आणि ‘आधी घर सांभाळू, मग चर्चचे पाहू’ असे पतीचे म्हणणे असेल तर काय करावे?

पॅरिशच्या फायनान्स कमिटीत आणि गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखेत मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून सरळ उत्तर देतो. दहावा हिस्सा बंधनकारक नाही. महिन्याचा हिशेब मांडताना ज्यांचे आपण देणे लागतो त्यांचे आधी द्यावे, त्याच दिवशी देवाचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेल्यात आपल्या हौशीमौजीसह बाकीचा खर्च बसवावा. हा क्रम घरात ठरला की कार्डावरचे तिन्ही रकाने भरायला फार वेळ लागत नाही. क्रम न ठरवता भरलेले कार्ड मात्र दोन-तीन महिन्यांत विसरले जाते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

आधी चर्च नेमके काय मागते ते पाहू. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, परिच्छेद २०४३ मध्ये चर्चच्या भौतिक गरजा भागवण्यास प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, असे सांगितले आहे. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम २२२ मध्येही हेच कर्तव्य आहे, आणि त्याला जोडूनच सामाजिक न्यायासाठी झटण्याचे व स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी टक्केवारी नाही. जुन्या करारातील दशांशाची प्रथा आपल्याला दिशा दाखवते, आणि काही कॅथलिक कुटुंबे आनंदाने दहावा हिस्सा देतातही. पण जे कुटुंब तीन टक्के देते ते आज्ञाभंग करते, असे कोणी म्हणू नये. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की, माणसाकडे जे नाही त्यावरून नव्हे, जे आहे त्यावरून त्याचे देणे स्वीकारले जाते, आणि इतरांचा भार हलका व्हावा म्हणून तुमच्यावर ओझे पडावे, असा हेतू नाही. हप्ते भरणाऱ्या कुटुंबाने हा अध्याय शांतपणे एकत्र बसून वाचावा, असे मी नेहमी सुचवतो.

वेळ, गुण आणि पैसा ही त्रिसूत्री आपल्याकडे आली ती मुख्यतः अमेरिकेतील बिशपांनी १९९२ साली काढलेल्या पत्रामुळे. तिचा उपयोग आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमजही पसरतो, तो असा की आपल्याकडे जे आहे ते आपले, आणि त्यातला थोडा भाग देवाला द्यायचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याला त्याचा धनी ‘तुझ्या कारभाराचा हिशेब दे’ असे सांगतो, तेव्हा तो सगळ्या कारभाराचा हिशेब मागत असतो. दानपेटीत काय टाकले एवढाच प्रश्न तेथे नाही. पगार, घर, शरीराची ताकद, शिक्षण, नळाला येणारे पाणी, गावठाणातली वडिलोपार्जित जागा, हे सगळे आपल्या हाती सोपवलेले आहे आणि त्या सगळ्याचा जाब द्यायचा आहे. म्हणून कार्डावर न मावणाऱ्या गोष्टींबद्दलच मी अधिक लिहिणार आहे.

त्यातली पहिली गोष्ट न्यायाची. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात पुदिन्याचा आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देणाऱ्यांना येशू खडसावतो, कारण नियमशास्त्रातील जड गोष्टी, म्हणजे न्याय, दया आणि विश्वास, त्यांनी सोडून दिलेल्या असतात. दशांश देऊ नका, असे तो म्हणत नाही. हेही करायला हवे होते आणि तेही सोडायला नको होते, असे म्हणतो. आता हे मुंबईच्या घरात आणून पाहू. आपल्याकडे धुणीभांडी आणि केरलादी करणाऱ्या ताई असतात, स्वयंपाकाच्या मावशी असतात, सासऱ्यांसाठी दिवसभराची मदतनीस असते, सोसायटीचा वॉचमन आणि जिना झाडणारा असतो. यांचा मोबदला ठरवताना बहुतेक घरांत एकच माप वापरले जाते : शेजारी काय देतात? कॅटेकिझमचा परिच्छेद २४३४ या मापाला पुरेसे मानत नाही. कामाचा रास्त मोबदला नाकारणे किंवा अडवून ठेवणे हा गंभीर अन्याय ठरू शकतो, आणि दोन्ही बाजूंनी रक्कम कबूल केली एवढ्याने ती नैतिकदृष्ट्या योग्य ठरत नाही, असे तेथे लिहिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारुम’ या परिपत्रकातून हीच भूमिका कारखान्यांतील कामगारांसाठी मांडली होती. गरजेपोटी माणूस कमी पैशांनाही ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’च्या आड मालकाला लपता येत नाही.

म्हणून जो कोणी मला देणगीची रक्कम विचारतो त्याला मी आधी घरातल्या कामगारांबद्दल विचारतो. पगार ठरलेल्या तारखेला मिळतो का? आठवड्यातून एक सुट्टी आहे का? त्या आजारी पडल्या तर खाडा कापला जातो का? मे महिन्यात आपण गावी जातो तेव्हा त्यांच्या महिन्याचे काय होते? दरवर्षी मागायच्या आत वाढ होते का? त्यांच्या सणाला, मग ती दिवाळी असो, ईद असो वा नाताळ, पूर्ण महिन्याचा बोनस मिळतो का? उचल दिली असेल तर ती पुढच्याच पगारातून एकदम कापून न घेता हप्त्याहप्त्याने घेतली जाते का? महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. तेथील नोंदणीसाठी लागणारे कागद जमवायला मालकिणीने तासभर दिला तर तोही वेळेच्या रकान्यात लिहिण्यासारखा आहे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर चर्चच्या देणगीत वाढ करण्याआधी ती नीट करावीत. हे मी फायनान्स कमिटीत बसून सांगतो आहे, आणि पूर्ण विचारांती सांगतो आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक परमेश्वराच्या कानी पोहोचते. त्या मजुरीतून वाचवलेले पैसे वेदीवर आणून ठेवावेत, असे कोणाच्याही मनात येऊ नये.

न्यायाच्याच यादीत घरचे वडीलधारेही येतात. मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ची गोष्ट आहे : आईवडिलांना द्यायची मदत देवाला वाहिली आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशू देवाची आज्ञा मोडणारे ठरवतो. म्हणजे सासूबाईंच्या औषधांचा आणि सासऱ्यांच्या तपासण्यांचा खर्च हा देवाच्या वाट्याशी स्पर्धा करणारा खर्च नाही. तो आधीच ठरलेल्या देण्यात मोडतो. तुमच्या यजमानांच्या ‘आधी घर’ या म्हणण्यात एवढा अर्थ नक्कीच आहे आणि तो मान्य करूनच पुढचे बोलणे सुरू करावे.

आता देवाचा वाटा. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल सांगतो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर ऐनवेळी वर्गणी गोळा करावी लागणार नाही. इतका व्यवहारी सल्ला धर्मग्रंथात आहे याची दखल आपण फारशी घेत नाही. आपल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा होतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. मरोळ, कोले कल्याण, बांद्रा या भागांत आज शेते उरलेली नाहीत, तरी सण टिकून आहे. शेत असणाऱ्याला पहिला वाटा कधी काढायचा हे सांगावे लागत नव्हते, कारण पीक तयार झाल्याचा दिवस डोळ्यांसमोर असे. पगारदाराचा तो दिवस म्हणजे खात्यात पगार जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो तो.

त्या दिवशी करायचे काम अगदी साधे आहे. पतिपत्नीच्या संयुक्त नावाने एक वेगळे बचत खाते उघडावे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप तेथे वळेल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. हे खाते चर्चचे नव्हे, तुमचेच. पण त्यातला पैसा घरखर्चासाठी वापरायचा नाही, असे दोघांनी ठरवायचे. याचा खरा फायदा पहिल्या अडचणीच्या प्रसंगी कळतो. सोसायटीतल्या कोणाचे ऑपरेशन निघाले, कोकणात पूर आला, पॅरिशच्या छपराचे काम निघाले, तर त्या वेळी मुलांच्या फीकडे पाहत ‘देऊ का नको’ असा विचार करावा लागत नाही, कारण पैसा देण्यासाठीच ठेवलेला असतो, आणि उरतो तो फक्त कोणाला किती द्यायचे हा प्रश्न.

रक्कम किती? घरकर्ज चालू असलेल्या कुटुंबाला मी हातात येणाऱ्या पगाराच्या दोन ते तीन टक्क्यांपासून सुरुवात करायला सांगतो. दोघांचे मिळून १,१०,००० रुपये येत असतील, तर तीन टक्क्यांनी ३,३०० रुपये होतात. पहिल्या वर्षी ही रक्कम एकदाही न चुकता गेली पाहिजे. मोठा आकडा लिहून चौथ्या महिन्यात थांबणे कोणाच्याच उपयोगाचे नाही. पुढे दरवर्षी पगारवाढ झाली की टक्केवारी अर्ध्या-एक टक्क्याने वाढवावी, आणि कर्ज फिटल्यावर सगळ्याचा नव्याने विचार करावा. मार्कच्या बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला देऊन बेताच्या कमाईच्या घरांवर दबाव आणणे मला मुळीच पटत नाही. त्या प्रसंगाच्या अगदी आधी येशूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केलेला आहे, आणि दोन्ही उतारे एकत्र वाचले पाहिजेत.

कराबद्दल एवढेच सांगतो की, देणगीवरची ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरील देणगीला ती मिळत नाही, आणि निव्वळ धार्मिक कारणासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीला ती साधारणपणे लागू होत नाही. सवलत मिळाली तर घ्यावी. पण तिच्यावरून कोणाला द्यायचे ते ठरवू नये.

कोणाला द्यावे याचे माझे उत्तर ठोकळमानाने निम्मे-निम्मे असे आहे : निम्मे आपल्या पॅरिशला आणि निम्मे थेट गरजूंना किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना. पॅरिशची गरज लोकांना दिसत नाही, कारण रविवारी दिवे लागलेले असतात, पंखे फिरत असतात आणि सर्व काही आपोआप चालते असे वाटते. विजेचे बिल, सॅक्रिस्टनचा (वेदीची व उपासनेच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्याचा) आणि सफाई कामगाराचा पगार (वर घरकामगारांबद्दल लिहिले ते सगळे येथेही लागू आहे), धर्मशिक्षणाची पुस्तके, आणि मुंबईच्या पावसाने दरवर्षी काढून ठेवलेली गळती व वाळवीची कामे, हे सगळे देणाऱ्यांच्या पैशावर चालते. याशिवाय गुड फ्रायडेची पवित्र भूमीसाठीची वर्गणी, ऑक्टोबरच्या उपान्त्य रविवारची मिशन संडेची वर्गणी आणि उपवासकाळात भुकेविरुद्ध मोहिमेसाठी केलेली बचत या गोष्टी वर्षाच्या सुरुवातीलाच धरून ठेवाव्यात.

देणाऱ्याचे काही हक्कही आहेत. ते मागताना संकोच वाटू नये, म्हणून स्पष्ट लिहितो. कॅनन लॉच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती असलीच पाहिजे. कलम १२६७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट कारणासाठी दिलेले अर्पण त्याच कारणासाठी वापरता येते. छपरासाठी आलेले पैसे सणाच्या रोषणाईकडे वळवता येत नाहीत. कलम १२८७ प्रमाणे श्रद्धावंतांनी दिलेल्या मालमत्तेचा हिशेब त्यांना सादर करायचा असतो. तुमच्या पॅरिशमध्ये वार्षिक जमाखर्च फलकावर लागत नसेल, तर पॅरिश कौन्सिलच्या सभेत आदराने विचारावे. तुम्ही स्वतः हिशेबाच्या कामात आहात, तेव्हा विचारण्याच्या पुढे जाऊन मदतही करता येईल. रविवारचे अर्पण दोन-तीन वेगवेगळ्या कुटुंबांतील माणसांनी एकत्र मोजावे, तक्त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि दुसऱ्याच दिवशी रक्कम बँकेत भरावी. एवढी शिस्त असली की धर्मगुरूंवरचा नाहक संशयही राहत नाही. क्यूआर कोड आल्यापासून पैसे थेट खात्यात येऊ लागले आहेत, पण कोणत्या कारणासाठी आले याची नोंद पुष्कळदा राहत नाही. पैसे पाठवताना शेऱ्यात कारण लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

गरजूंना देण्याच्या बाबतीत मला सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने जे शिकवले ते सांगतो. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या कामाचा कणा गृहभेट हाच आहे, आणि भेटीला दोघांनी जायचे असते. घरात गेल्यावर आधी बसावे. चहा पुढे आला तर घ्यावा. नको म्हटले तर समोरच्याला आपण फक्त देणारे म्हणून आलो आहोत असे वाटते. कागद-पेन लगेच काढू नये. साकीनाक्याच्या एका चाळीत आम्ही एका विधवा बाईंकडे दर महिन्याला रेशन पोहोचवत होतो. एकदा बोलता बोलता त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पतीच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्धवट भरलेला, घडीवर फाटत आलेला अर्ज होता. उत्पन्नाचा दाखला नसल्याने तो परत आला होता आणि पुन्हा जायला रोजची कामे बुडवावी लागणार होती. आमच्या शाखेतले एक सदस्य सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले होते. ते बाईंबरोबर तहसील कार्यालयात गेले, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे त्यांना ठाऊक होते, आणि दुसऱ्या खेपेला अर्ज दाखल झाला. रेशनची पिशवी देऊन आम्ही जे काम करत होतो त्याहून कितीतरी मोठे काम त्या निवृत्त कारकुनाच्या माहितीने केले. कार्डावरच्या ‘गुण’ या रकान्यात लोक गाणे, वाद्यवादन, सजावट असे लिहितात; अर्ज भरता येणे, हिशेब तपासता येणे, वायरिंग कळणे हेही तेथे लिहावे.

वेळेचा प्रश्न यातून बराचसा सुटतो. तेरा तास घराबाहेर असणाऱ्या माणसाने पॅरिशच्या तीन समित्यांवर नाव घालू नये. मुले आणि म्हातारी माणसे वाट पाहत असताना रोज संध्याकाळी सभेला बसणे हे चांगले कारभारीपण नाही, मग सभा चर्चच्या हॉलमध्ये का असेना. एकच काम घ्यावे, जे महिन्यातून एकदा किंवा दोनदा करता येईल आणि जे वर्षभर चालू ठेवता येईल. तुमच्यासाठी मी अर्पणाच्या मोजणीचे किंवा वार्षिक हिशेबाचे काम सुचवेन, आणि तुमच्या यजमानांसाठी धर्मग्रामातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरची वायरिंग, उघडे स्विचबोर्ड आणि जुने गिझर तपासून देण्याचे. समित्या नकोशा वाटणारी माणसे हाताचे काम मात्र आवडीने करतात, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या वेळातला पहिला वाटा प्रार्थनेचा आहे आणि तो लोकलमध्येही देता येतो.

पाणी, अन्न आणि कचरा हा भाग अनेक जण पर्यावरणवाद्यांचा म्हणून बाजूला ठेवतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून तो श्रद्धेच्या हिशेबात आणून ठेवला आहे. त्याच्या २११ व्या परिच्छेदात प्लास्टिक टाळणे, पाणी कमी वापरणे, कचरा वेगळा करणे, खाल्ले जाईल तेवढेच शिजवणे अशी घरगुती कामे नावानिशी दिली आहेत, आणि ५० व्या परिच्छेदात फेकलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखे आहे, असे म्हटले आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत हंडे रांगेत उभे असतात. आपल्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी पहाटे भरून वाहते तेव्हा कोणाचे पाणी वाहून जाते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. टाकीला फ्लोट बसवणे, आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरणे, ही कामे सोसायटीच्या सभेत मांडावीत.

कचऱ्याचेही तसेच आहे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे, आणि त्याच्या पायथ्याशी गोवंडीची माणसे राहतात. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा स्वतःच्या आवारात जिरवावा असा नियम महापालिकेने २०१७ साली लागू केला. तुमची सोसायटी त्यात बसत नसली, तरी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ मानला जातो आणि आपला आगेरा याच सुमारास येतो. मुलांना हे शिकवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

सणसमारंभाबद्दल एकच ठाम मत सांगतो. मुलांच्या पहिल्या कम्युनियनसाठी (ख्रिस्तप्रसाद प्रथम घेण्याच्या संस्कारासाठी) किंवा लग्नासाठी कर्ज काढू नये. हॉल, बँड, केटरर आणि फोटोग्राफर यांची बिले फेडताना दोन-तीन वर्षे देवाचा वाटा बंद पडलेली घरे मी पाहिली आहेत, आणि ज्या संस्कारासाठी हे सगळे केले त्या संस्काराला चर्च यातले काहीही मागत नाही. गावठाणातल्या क्रूसापुढे लितानीची प्रार्थना म्हणून चण्यांचा प्रसाद वाटणारी आपली जुनी रीत सगळ्या गल्लीला परवडणारी होती.

आता यजमानांचा प्रश्न. त्यांच्या नकळत आपल्या पगारातून देत राहणे हा मार्ग मी सुचवणार नाही. संसाराचा पैसा दोघांनी मिळून सांभाळायचा असतो, आणि लपवून दिलेले दान पुढे भांडणाचे कारण होते. एका रविवारी मुले खेळायला गेली असताना दोघांनी मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे समोर घेऊन बसावे. चर्चचा विषय न काढता आधी पैसा कोठे गेला ते पाहावे. घरपोच मागवलेले जेवण, न वापरलेली सबस्क्रिप्शन्स, मोबाइलचे हप्ते यांची बेरीज समोर आली की तीन टक्के कोठून येतील हे बहुधा दोघांनाही दिसते. तरीही त्यांना एकच टक्का पटला, तर एका टक्क्यावर थांबावे. पौलाने म्हटले आहे की, मनात ठरवले असेल तसे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून नव्हे. हे वचन घरातल्या दुसऱ्या माणसालाही लागू आहे. पॅरिशच्या खर्चाबद्दल त्यांना शंका असेल, तर पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याची रक्कम गृहभेटीतून माहीत झालेल्या एखाद्या मुलाच्या फीसाठी द्यावी आणि पावती त्यांनी स्वतः शाळेतून आणावी. मुलांना त्या खात्याचे पासबुक पाहू द्यावे, आणि वर्षातून एकदा त्यातली काही रक्कम कोणाला द्यायची ते त्यांना सुचवू द्यावे.

शेवटची गोष्ट कार्डावर कोठेच नसते, ती म्हणजे मृत्युपत्र. आपल्यामागे काय कोणाला जाईल याची व्यवस्था करणे हाही कारभाराचाच हिशेब आहे, आणि आपल्या समाजात तो फार टाळला जातो. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि पत्नी व मुले मागे असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान जाते. आईवडिलांना त्यात काही मिळत नाही. म्हणजे तुमच्या यजमानांच्या पश्चात सासू-सासऱ्यांच्या औषधांची सोय व्हायची असेल, तर ते लिहूनच ठेवावे लागेल. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला त्यात काही ठेवले असेल, तर तेवढी तरतूद रद्द होते. म्हणून लाभार्थी नसलेले साक्षीदार घ्यावेत. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी काही ठेवण्यावर ख्रिस्ती लोकांना पूर्वी जाचक अटी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवल्या. त्यामुळे एखादा लहान हिस्सा पॅरिशला किंवा गरिबांच्या कामाला ठेवायचा असेल, तर तो निर्धास्तपणे ठेवता येतो. गावठाणातल्या घरात भावंडांचा वाटा असेल, तर आधी नावावरची कागदपत्रे नीट करून घ्यावीत, कारण जी जागा आपल्या नावावरच नाही ती मृत्युपत्रात लिहून काही साधत नाही. नॉमिनी म्हणजे साधारणपणे मालक नव्हे, तो बहुतेक बाबतींत फक्त वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो, हेही लक्षात ठेवावे. कागद साधा असला तरी चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. मात्र तो कोठे ठेवला आहे हे घरातल्या निदान दोन माणसांना माहीत असावे.